चार वर्षं, एक दिवस

अजमानच्या खाडीवर, बोटदुरुस्तीच्या यार्डात
माझ्या खोलीची काच बाहेरून घामेजते.
ऑगस्ट. आत अठरा अंशांत शाल पांघरून
मी बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फायली उघडते.
वीस वर्षांची पगारपत्रकं
नव्या यंत्रणेत सुखरूप उतरवायची, असं करारात आहे.
सुखरूप हा शब्द माझा नव्हे.

फायलींवर शिक्का आहे: खुला आराखडा, सर्वांना वाचता येईल.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
गाठोडं सोडावं तर आत
कुणीतरी आपल्या घरातले शब्द पेरून ठेवलेत,
जे नियमांच्या आठशे पानांत कुठेच नाहीत.
एक तक्ता उघडलाय तो मिटलेलाच नाही,
पुढचे तीन त्याच्या पोटात.

माझ्याकडे दोन वाचक आहेत.
एक कडक. म्हणतो, ओळ चारशे बारा, चूक.
चारशे तेरा, चूक. पुढे वाचणार नाही.
दुसरा भला माणूस. काही बोलत नाही,
कळलं नाही ते आपल्या मनानं भरतो
आणि नीटनेटका तक्ता समोर ठेवतो.
मला तोच आवडायचा. एप्रिलपासून
सगळं त्याच्याच हवाली केलं होतं.

मग लतीफ खलफे आले, क्रेनवाले, दाभोळचे,
हिशेब करून कायमचे निघालेले.
कागद टेबलावर ठेवला, टोपी काढली नाही.
"बाई, ह्यात माझी चार वर्षं कुठं गेली?"

फायलीत तारीख ही तारीख नसते, आकडा असतो.
त्यांचा होता अडतीस हजार चारशे बारा.
एकोणीसशेपासून मोजा: एक मार्च दोन हजार पाच.
एकोणीसशे चारपासून मोजा: दोन मार्च दोन हजार नऊ.
कुठून मोजायचं ते वर एका ओळीत सांगायचं असतं,
शून्य किंवा एक, खरं किंवा खोटं, चारच शब्द चालतात.
जुन्या सॉफ्टवेअरनं विचारलेल्या प्रश्नाला
लिहून ठेवलं होतं: 'नो'.
एकोणीसशे चारपासून का? नो.
कडक वाचक तिथंच अडला.
भल्यानं पाहिलं, जागा रिकामी नाही,
म्हणजे होच असणार.

(एकोणीसशे सालच्या मोजणीतही
एक एकोणतीस फेब्रुवारी आहे, जी कधी उगवलीच नव्हती.
पण ती चूक सगळ्यांनी मिळून मान्य केली,
म्हणून ती चूक नाही, नियम.)

मी म्हटलं, पुरावा लागेल. जुना पासपोर्ट?
"कोपरा कापून घेतला त्यांनी, मग हरवला."
थोडा वेळ बोटांकडे बघत राहिले.
"पहिल्या दिवशी मला नऊ नंबरचे बूट दिले.
पाय माझा सात. कुंजप्पनशी भांडलो."

स्टोअरच्या माळ्यावर, रंगाच्या डब्यांमागे
रजिस्टर सापडलं, फायबरच्या धुळीनं माखलेलं.
रकान्यात मावेना म्हणून कुंजप्पननं
समासात, आडवं, रेघा ओलांडून लिहिलं होतं:
खलफे, बूट मोठे, फार ओरडला. १/३/०५.
कुठल्याच नियमात न बसणारी नोंद.
ढळढळीत वाचता येत होती.

मूळ फाइल मी शिवली नाही.
शेजारी नवी केली, आणि तिच्यात स्वच्छ लिहिलं
की इथं मी अंदाज केलाय, अमुक रजिस्टरवरून,
अमुक पानावरून, आणि माझं नाव.
अकाउंट्सनं कुरकुरत रक्कम वाढवली.
खलफेंनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली,
विचारलं, "बाकीच्यांचं?"

एप्रिलपासून अकरा जण हिशेब घेऊन गेलेत.
सही केली, हात मिळवला,
नीटनेटक्या तक्त्याला कोण काय विचारणार.

त्यांचे गावाकडचे फोन नंबर त्याच फायलीत आहेत,
तेही आकडे म्हणून ठेवलेले.
पुढची शून्यं गळून गेलीत.
मी एकेकाच्या पुढे शून्य लावून बघतेय.