फोकस मगरीवर

विश्वामित्रीला आमच्या बडोद्यात फारसं कुणी नदी म्हणत नाही.
पुलावर स्कूटर थोपवतात, कठड्यावरून वाकतात,
अनोळखी माणसालाही विचारतात, "देखाई?"
दिसली असली तर तो हात लांबवून दाखवतो.
नसली तरी लांबवतो.

मी रविवारी सकाळी निघतो.
लेन्सचे सात हप्ते राहिलेत अजून.
ऊर्वी म्हणते, तेवढ्यात गिझर आला असता,
वर मिक्सर.
पण शनिवारी रात्री बॅटरी चार्जिंगला लावते तीच.

कार्डावर काय काय साठत जातं.
गाळात चोच खुपसत हिंडणारे काळे शराटी,
कमाटीबागेतली वटवाघळं,
दुरुस्तीला आलेल्या आणि न्यायला कुणी न आलेल्या छत्र्या जशा.
सेव-उसळीच्या गाडीवर नाक पुसत पुसत
अजून तिखट मागणारा ओजस.
कुमुदआत्या नव्या कवळीने हसताना;
तिच्या लग्नापासूनच्या सगळ्या फोटोंत तोंड मिटलेलं आहे.
किरीटभाईंच्या भिंतीवर पुराची रेघ,
रेघेला टेकवून मोजलेली नातवाची उंची.
आणि मध्येच मगरी.
सत्यनारायणाच्या लगेच पुढे मगर,
मगरीच्या पुढे ओजसचा पडलेला दात.
मी क्रम लावत नाही.

जानेवारीतली एक होती, भीमनाथ पुलावरून घेतलेली.
जबडा उघडा टाकून पडलेली,
दाराची कडी लावायला विसरल्यासारखी.
एका दातावर नेमकं ऊन.
असा फोटो वर्षातून एकदा हाती लागतो.
मोठा करून घ्यायला दांडिया बाजारात गेलो.
इम्तियाझभाईंनी तो पडद्यावर ताणला,
ताणला अजून,
आणि शेपटीच्या वर, पलीकडच्या काठावर,
बाभळींच्या विरघळलेल्या हिरव्यात
निळ्या चौकड्यांचा एक ठिपका उमटला.

तो शर्ट मला माहीत आहे.
त्याची बाही इस्त्रीने मीच जाळली होती, बारावीत असताना.
शेजारी स्टीलचा थर्मास.
दोन पेले.
बाकी कुणी नाही,
किंवा आहे, पण चौकटीच्या बाहेर.

बाबा रविवारी लायब्ररीत जातात.
परतल्यावर सांगतात, आज खुर्चीच मिळाली नाही,
हल्ली अभ्यासाची पोरं पंख्याखालून हलत नाहीत.

"पाछळ कोईक आवी गयुं छे," इम्तियाझभाई म्हणाले,
"काढी नाखुं?"
दोन मिनिटांचं काम होतं.
कर्सर शर्टाजवळ जाऊन थांबला.
म्हटलं, नको. राहू दे.
वर चांगला कागद वापरा म्हटलं, मॅट.

आता तो फोटो जेवणाच्या टेबलावर आहे, म्हणजे भिंतीवर, टेबलाच्या वर.
पाहुणे दात बघतात.
किती फूट असेल हो, विचारतात,
मी दर वेळी एकेक फूट वाढवतो.
बाबा पहिल्या दिवशी चष्मा शोधून आले.
बराच वेळ उभे होते.
दाताकडे नाही, वरच्या कोपऱ्याकडे बघत.
मग चष्म्याची घडी घालत म्हणाले,
"छान आलाय.
धुकं होतं खरं तर त्या दिवशी, साडेनवापर्यंत."
मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो.
ते नव्हतं कमी.

परवा पुन्हा गेलो. तोच पूल, तीच वेळ.
मगर तिच्या जागी,
निळा ठिपका त्याच्या.
बोटाखाली लेन्सची रिंग. पाव वळसा डावीकडे दिला असता
तर चेहरा स्पष्ट झाला असता,
कुणाकडे वळून बोलतायत तेही कळलं असतं.
खालून एक पाणकावळा उडाला,
पुलावर मागे कुणीतरी विचारलं, "देखाई?"
म्हटलं, हो, ती काय.
आणि फोकस मगरीवरच ठेवला.

थर्मास आई भरते.
लायब्ररीत चहा कशाला, असं तिने कधी विचारलं नाही.
पेले दोन का, तेही नाही.