वस्तीला

तुर्भ्याच्या माता-बाल रुग्णालयातला वजनकाटा
शंभर ग्रॅम जास्त दाखवतो.
मी दर वेळी मनातल्या मनात वजा करते.

आज चोवीस डिसेंबर. रात्रपाळी.
संध्याकाळी पाळक शलमोन वाघचौरे फोनवर म्हणाले,
"एस्तेर, उपासनेला नाही आलीस तरी चालेल,
पण आज ध्यानात ठेव, तो देही झाला."
मी हो म्हणाले. फोन कानाला, खांद्यानं दाबलेला,
समोर ट्रेमध्ये कुणाची तरी वार,
ती उलटीपालटी करून बघत होते
तुकडा आत राहिला का.

देही हा शब्द ते फार स्वच्छ उच्चारतात.
इस्त्री केल्यासारखा.
मला माहीत असलेला देह
निळसर येतो, पांढऱ्या चिकट सायीनं माखलेला,
डोकं लांबुळकं, वाटेत दबलेलं,
आणि पहिली शी डांबरासारखी काळी.
मी विचारलं नाही त्यांना
त्याचीही तशीच होती का.
असणारच. नाहीतर मग आला कसला.

आणि नाळ. ती कुणी कापली
हे कुणी लिहून ठेवलं नाही.
सुतार बिचारा, करवत हाताशी,
पण अशा वेळी पुरुषांना साधा दोरा सापडत नाही.
असेल कुणी शेजारची म्हातारी,
धार अर्धी टाकून, हात धुऊन आलेली,
जिनं देवाला पायांना धरून उलटं केलं
आणि पाठीवर एक चापट मारली.
रड, म्हणाली. रड रे.

आमचा बाप, याकोब, जालन्याहून आला
तो पारसिकच्या खाणीत, कायमचा.
क्रशरनं त्याची दोन बोटं नेली.
तेव्हापासून तो प्रार्थनेला हात जोडायचा
तेव्हा एका बाजूनं उजेड आत यायचा.
म्हणायचा, "वरून नुसतं बघणारे मुकादम
पुष्कळ पाहिले. हा खाली उतरला.
घट्टे पडले असतील गं त्याला."
आणि मग हटकून गावाकडची वस्तीची एसटी:
रात्री येते, परत जात नाही.
ड्रायव्हर-कंडक्टर पारावर झोपतात,
आपल्याच हौदावर तोंड धुतात,
पहाटे आपल्यालाच घेऊन निघतात.
"तसा आला तो. वस्तीला."
आमच्या पत्र्यांवर तेव्हा नोटीस होती
अनधिकृत वस्तीची.
त्याला तेवढं पुरायचं.
मला पुरत नव्हतं. मी शिकलेली.

दोन वाजता झमकी राठोड आली,
रिक्षातच अर्धी बाळंत झालेली.
खाणीच्या शेडमधून. कागद एकही नाही.
पोरगी. आपणहून रडली.
काट्यावर अडीच किलो,
म्हणजे दोन चारशे.
पायाच्या चिठ्ठीवर लिहायचं असतं. नाव नसतंच अजून.
झमकीचं बाळ, लिहिलं
आणि पेन तिथंच राहिलं.

आठ दिवस त्यालाही नाव नव्हतं.
ठरलेलं होतं म्हणे, ठेवलेलं नव्हतं.
आठ दिवस तो
नुसता मरीयेचं बाळ,
कुणी उचललं तर उचलला जाणारा,
मान न धरलेला.

मान न धरलेला.
इतक्या नाताळांत हे कसं सुचलं नाही मला?
सर्वसमर्थ, सर्वसमर्थ म्हणत
लहानपणापासून गुडघे टेकले,
आणि त्याच्या मानेखाली
कुणी पंजा घातला नसता तर

सातला कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला.
झमकीचा नवरा दारात, गोधडी घेऊन.
त्यानं हात शर्टाला पुसले, पुन्हा पुसले,
रेघांत दगडाची भुकटी राहिलीच.
पोरगी त्याच्याकडे देताना म्हणाले,
"मानेखाली हात धर. मानेखाली."

जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले असेन.
पलीकडच्या खाटेवरच्या दोघी उठून बसल्या.