धडा

शुक्रवारी कागद संपला.
चौतीस आठवडे तो फ्रिजच्या दारावर होता:
सकाळी पाकीट, दुपारी पाकीट,
रात्री तळहाताएवढी कोंबडी
आणि उकडलेला फ्लॉवर, ज्याला मी मरेपर्यंत माफ करणार नाही.
ग्वेनने हात मिळवला. म्हणाली,
ओरेस्ट, आता तुझं तू.
एवढंच.
बाहेर उणे अठरा. गाडी लगेच सुरू झाली नाही.

शनिवारी दारावर चार लोहचुंबक,
काहीच धरून न ठेवणारे.

मी धान्याच्या कोठारावर वजनकाटा राखतो. एकवीस वर्षं.
सस्कॅचेवानचा अर्धा गहू माझ्या खिडकीवरून गेला असेल.
भरलेला ट्रक काट्यावर चढतो, मी आकडा लिहितो.
गहू ओतून पुन्हा चढतो, पुन्हा आकडा.
मोठ्यातून लहान गेला की राहतो तो गहू,
आणि पैसे त्या गव्हाचे.
रिकाम्या ट्रकचे पैसे कुणी कुणाला दिलेले मी पाहिले नाहीत.
तो हमरस्त्याला लागतो तोच मुळी परत भरायला.
त्याला नावं कशी ठेवू? कामच ते त्याचं.

एकतीस किलो गेले माझे.
कुठे ओतले, पावती नाही.
डार्लीन म्हणते, शर्ट तुझ्या अंगात नाही, हँगरवर आहे.
हसते.
पण जुन्या पँटी तिने टाकलेल्या नाहीत.
तळघरात खोक्यात आहेत, नीट घड्या घालून.
मी विचारलं नाही. तीही बोलली नाही.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं.
पारास्काबाईंच्या हातात झारा,
पातेल्यात पेरोगी, पोटात बटाटा,
वर लोण्यात लाल झालेला कांदा.
त्यांनी विचारलं, किती?

चौतीस आठवड्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
कागद म्हणायचा, शून्य.
शून्य सोपं असतं. शून्यावर उभं राहून
माणूस स्वतःला साधू समजू शकतो.
मागे अकरा जणांची रांग.
मी म्हटलं, सहा.
नाही, चार.
बरं, पाच.
पारास्काबाई म्हणाल्या, लिलाव चाललाय का रे?

पाच खाल्ल्या.
चौथीपर्यंत चव होती.
पाचवी सवयीने गेली. हे तिथल्या तिथे कळलं,
घास तोंडात असताना,
आणि तरी गिळला.

सोमवारी सकाळी न्हाणीघरातला आकडा दीड किलो वर.
आधी वाटलं, ग्वेनला फोन करावा, पाकिटं परत मागावीत.
मग वाटलं, गेलंच आहे तर जाऊ दे,
कोपऱ्यावरच्या दुकानात डोनट गरम असतात.
दोन्ही एकाच मिनिटात. दोन्ही माझ्याच आवाजात.
पाय पुसून पुन्हा चढलो.
तोच आकडा.

सात वाजता कामावर.
मोठ्या काट्यावर कुणी नाही, काही नाही,
आणि आकडा दाखवतो साठ किलो.
रोजचंच आहे.
रात्रीतून बर्फ साचतो, टायरांचा चिखल गोठून बसतो,
वारा असला की तोही थोडा बसतो.
मी खराटा घेऊन झाडतो, फावड्याने खरवडतो,
आत येऊन शून्य लावतो, धडा करतो.
काल केला होता म्हणून आज चाललं,
असा दिवस एकवीस वर्षांत आलेला नाही.
आणि त्याबद्दल काट्यावर कधी मी रागावलोही नाही.

दुपारी डबा उघडला.
राईचा पाव, दोन अंडी, बीटचं लोणचं.
कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच भरलेलं.
पावाचा शेवटचा तुकडा हातात,
तोंड आणि डबा यांच्या मधोमध.
तेवढ्यात खिडकीपाशी हॉर्न वाजला,
नेस्टरचा ट्रक, काठोकाठ भरलेला.
तुकडा डब्यात परत ठेवला.
पोट भरलं होतं
की फक्त ट्रक आला होता,
ते अजून नक्की सांगता येत नाही.