फीत क्रमांक चारशे बारा

वाहिनीच्या तळघरात माझी नोकरी :
जुन्या फिती बघायच्या आणि नवी कार्डं लिहायची.
वर क्लीव्हलंडमध्ये बर्फ पडो, ऊन पडो,
खाली बाराही महिने एकच ऋतू, पंख्याचा.

कार्डावर एक रकाना असतो : काय दिसते.
माझ्याआधी इथे कोणी हॉलंडर म्हणून होते,
अक्षर मोत्यासारखं.
त्यांना दिसलं ते असं :
मुलगा, सायकल, उन्हाळा.
बाई, कुत्रा, बाग.
काळे लोक, जमाव.

तो जमाव मी थांबवून थांबवून पाहिला.
चर्चचं जेवण होतं ते.
आयडाबेल मामी सापडली मला त्यात,
टोपीवरच्या पिवळ्या कापडी लिंबांसकट,
वाढप्याशी हुज्जत घालताना.

आणि मग चारशे बारा :
काळा तरुण, पळताना. लुटालूट.
तीन सेकंद.
काखेत पुडकं, एकदा मागे वळून बघणं,
मग विजेच्या खांबाआड.

हे तीन सेकंद मला तोंडपाठ आहेत.
कुठे दुकान फुटलं की हे.
निवडणूक आली की हे.
एकदा तर घरभाडी वाढल्याच्या बातमीत हेच,
का ते देव जाणे.
आई ताटं पुसता पुसता टीव्हीला सांगायची,
मासे होते ते. मी पाठवलं होतं.
दर वेळी. त्याच आवाजात.
वडील तेवढ्यात दाराची बिजागरी तपासायला उठायचे,
आमच्या दाराइतकं तेल शहरात कुठल्या दाराला लागलं नसेल.

परवा हे कार्ड माझ्या हातात आलं.
वहीत कुठे नियम नव्हता, मला विचारणारं कोणी नव्हतं.
'लुटालूट' खोडलं. लिहिलं : निर्दोष.
पेन्सिल जरा जास्तच दाबली गेली.

संध्याकाळी भावाला फोन केला.
एकतीस वर्षं बसगाड्यांच्या पोटाखाली पडून
त्या दुरुस्त केल्यात लूशसनं. गुडघे गेलेत.
ऐकून घेतलं त्यानं, मग म्हणाला,
हे बघ व्हर्डेल, निर्दोष नको लिहूस.
निर्दोष म्हटलं की
आरोप ठेवणारा खुर्ची ओढून बसलाच समोर.
मग काय लिहू?
तुला काय दिसतं?
तूच आहेस तो, तू सांग.

बराच वेळ नुसता श्वास.
मग विचारलं, मी पळतो कसा गं त्यात?
म्हटलं, पाय जमिनीला लागत नाहीत.
खरं?
खरं.
पलीकडे कसलीशी कपबशी वाजली.
बूट नवे होते, म्हणाला. अर्धा नंबर मोठे.
पुढे कागद कोंबला होता. ते लिही.

आणि मागे वळून कोणाकडे बघत होतास?
हसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
त्या तीन सेकंदांवर आमच्यापैकी कोणी हसलं.
ते नाही सांगणार, म्हणाला.
सगळ्या शहरानं पाहिलंय मला,
तेवढं एक राहू दे माझ्यापाशी.

आज सकाळी नवं कार्ड घेतलं.

लूशस गेन्स, वय सतरा. शुक्रवार, चार वाजता.
ईरी सरोवरातले पर्च मासे, दीड पौंड,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, बर्फ वितळतो आहे.
आई तेल तापवून बसली आहे.
बूट नवे.
वेग :

इथे रकाना संपला.
हॉलंडरना तीन शब्द पुरायचे, त्या मापानं आखलेला.
कार्ड उलटं केलं.
पाठीमागची बाजू कोरी होती, चांगली खरबरीत,
पेन्सिल धरणारी.