शेरा

टॉकीजची थकबाकी अठ्ठेचाळीस हजार सहाशे.
मी गेलो होतो पक्कड, शिडी आणि बस्वराजला घेऊन,
उदगीरच्या भर उन्हात, तीनच्या खेळाला.
अजमतभाई म्हणाले, काटना तो हैच, साब,
पब्लिक अंदर है, इंटरवलपर्यंत बसा.
पब्लिक म्हणजे अकरा माणसं
आणि कूलरसमोर झोपलेला एक लिंबूवाला.

मला गाण्यांचे सिनेमे पटत नाहीत.
माणूस प्रेमात पडला तर आधी भूक जाते,
मग उधारी वाढते.
मागं पन्नास जण एकसारखे कपडे घालून
येतात कुठून?
बस्वराजला हेच म्हणलो.
गप बसा की साहेब, तो म्हणला, बघलालाव ना.

पडद्यावर एक पोरगी, टेलिफोन ऑफिसातली.
तो घड्याळं दुरुस्त करणारा, जरा चकणा,
घड्याळवाला असून रोज तिलाच वेळ विचारतो.
पहिलं गाणं लागलं तेव्हा मी वायरी बघत होतो:
उघडे जोड, कुणाच्या हातात मोजे नाहीत,
अर्थिंगचा पत्ता नाही,
आणि ह्या बाया वायरी गळ्यात घालून गिरक्या घेतात.

मग तिथं रात्र झाली.
ती घरी निघाली गुणगुणत,
आणि ज्या खांबाखालून जाईल
त्याचा दिवा लागत गेला, एकेक.
असं होत नाही.
बत्तीस वर्षांच्या नोकरीवर सांगतो, होत नाही.
रस्त्याचे दिवे एका स्विचवर असतात,
एकदम लागतात, नाहीतर लागतच नाहीत.
हे मी मनात म्हणत होतो
आणि माझ्या मिशीत पाणी उतरलं होतं.

कुठून आठवली कोण जाणे, देवर्जनकडची एक वस्ती.
वादळानं तीन रात्री अंधार.
मी नवा, खांबावर. दोन वाजता फ्यूज बसवला
आणि खाली सगळी वस्ती एका दमात ओरडली,
आऽऽली!
म्हाताऱ्या, पोरं, बाजेवरचा तापानं पडलेला,
कुणी कुणाला न सांगता, एका सुरात.
कुत्रीसुद्धा.
एका छपरावरचा आवाज मात्र मागं रेंगाळला,
सगळे थांबल्यावरही, बाईचा.
चेहरा दिसला नाही.
परत जायचं काही निमित्तही झालं नाही.
तिकडची लाइन पुन्हा गेलीच नाही,
इतकं पक्कं बसवलं होतं मी.

इंटरवलला अजमतभाई चहा घेऊन आले,
पक्कडीकडे बघत उभे राहिले.
मी विचारलं, तिचं पुढं काय होतं?

शेवट सांगत नाही.
दुकानातली बंद घड्याळं एकदम वाजतात, इतकंच.
बाहेर ऊन तसंच होतं,
रसवंतीचे घुंगरू वाजत होते,
आणि एक क्षण वाटलं, आता हा रसवंतीवाला
ग्लास खाली ठेवील, हात पसरील...
त्यानं हात पसरला. सुटे मागितले.

रजिस्टरात शेरा लिहिला:
ग्राहक जागेवर आढळला नाही.
बस्वराजनं वाचलं आणि नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी तोडली.
नोकरी आहे.
शिडी अजमतभाईंनीच धरली.
वर पोचलो, पक्कड लावली,
तोंडात तेच गाणं आलं
आणि दुसऱ्या ओळीला अडकलं.
खालून त्यांनी पुढची दिली.