सात नंबरचा माग

उजगरे सरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा
त्यांनी माझे हात हातात घेतले,
बोटं नाकाशी नेली.
"कुणाचा तू?"
चिलवेरींचा. अशोक चौकातला.
"म्हणजे रंगखात्यातला. उजव्याला लाल,
डाव्याला काळा."
मी हात पाहिले. बरोबर होतं.
नंतर कळलं, ते प्रत्येकाला लाल-काळाच सांगत.
चादरींच्या गावात चारातून तीनदा जमून जायचं.

पियानो रेल्वे कॉलनीतला,
कुणा गार्डच्या बायकोनं गाव सोडताना दिलेला,
बैलगाडीतून आला, कडब्यात गुंडाळून.
पारा बेचाळीसवर गेला की त्याचे सूर उतरत.
सर त्याच्या पोटात पाण्याची वाटी ठेवायचे.
"म्हातारा आहे. तहान लागते."

मुंबईत अकरा वर्षं वाजवलं त्यांनी,
समुद्राकडच्या हॉटेलात,
ट्रम्पेटवर एक गोवेकर, ड्रमवर एक पारशी.
काळा कोट, काळा चष्मा.
चष्मा मॅनेजरनं आणून दिलेला,
जेवणाऱ्यांना डोळे दिसू नयेत म्हणून.
यावर सर एवढंच म्हणायचे
की कोट चांगला होता.
मग रेकॉर्ड लावणं स्वस्त पडायला लागलं.

घराच्या भिंतीला भिंत कुडक्यालांचा कारखाना.
आठ माग. सातवा लंगडा.
खटाक् – खट. खटाक् – खट.
"ऐकलंस?
बाकीचे सात कवायत करतात.
हा एकटा चालतो.
गुडघा दुखतोय, पण घाई नाही.
दोनवर टाळी दे, चारवर दे.
मोजू नको बे. मोजलं की मेलं."

तीन महिने मी फक्त टाळ्या दिल्या.
आईला वाटायचं, पोरगं भजनी मंडळात जातंय.

एकदा जॉबर आला, पाने-पक्कड घेऊन.
सर लुंगीवरच पळाले, भिंत चाचपत,
कुडक्यालांशी मोडक्या तेलुगूत भांडले,
जॉबरशी अस्सल सोलापुरीत.
शेवटी महिना चाळीस रुपये ठरले,
माग दुरुस्त न करण्याचे.
माझी फी तीस होती.

पुढे मीही वाजवत फिरलो.
पुणे, बंगळूर, एकदा जहाजावर.
लोक जेवत असतात.
चमच्यांचा आवाज कोणत्या ठोक्यावर पडेल
हे मला आधीच कळायचं,
आणि मी त्याला पडू द्यायचो.
एका रात्री कुणीतरी विचारलं, हे कुठे शिकलात?
सोलापूर म्हणालो. ते हसले.
मी कोट नीट केला.

परवा गेलो.
माग भंगारात गेलेत, किलोवर.
तिथे आता मंगल कार्यालय.
सर पियानोच्या उजव्या टोकाला
एक पट्टी दाबत होते. परत दाबली. परत.
"इकडच्या तारा गंजल्या वाटतं."
पट्टी वाजत होती,
घासलेल्या पितळेसारखी लख्ख.

हो सर, म्हणालो. गंजल्यात.

बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, "खोटं बोललास.
पण जरा उशिरा बोललास,
ठोक्याच्या मागे.
तेवढं बाकी बरं शिकलास बे."

स्टूल डावीकडे ओढलं,
खालच्या सुरांवर हात ठेवले,
वाजवलं मात्र नाही.
कान भिंतीकडे.
पलीकडे कुणी लग्नाच्या खुर्च्या मांडत होतं,
लोखंडी, घडीच्या,
आणि त्यातल्या एकीचा
पाय वाकडा असावा.