संध्याकाळ पुसताना

थुंकीनं पुसते मी चित्र.
हसू नका. लाळेइतकं मऊ औषध
अजून कुठल्या बाटलीत आलेलं नाही.
काडीला कापूस, कापसाला जीभ, मग आभाळ,
आणि कापूस निघतो चहात बुडवल्यासारखा.

पावणेदोनशे वर्षांचं व्हार्निश,
चर्चमधल्या मेणबत्त्या, नगरसभेतले चिरूट,
त्याखाली एक सरोवर,
आणि भोवती डोंगर असे चढवलेले
की बघणाऱ्याची टोपी पडावी.
चित्रकाराला मोजमाप येत नव्हतं असं नाही;
त्याला डोंगर काढायचाच नव्हता,
छाती दडपायची होती.
खरा डोंगर या खिडकीतून दिसतो. याच्या निम्मा.
वर टेलिफोनचा मनोरा.

पितळी पट्टीवर नाव आहे: सरोवरावरची संध्याकाळ.
बाल्त्सर कादुफ दर गुरुवारी येतो,
शाळेची घंटा वाजवता वाजवता म्हातारा झालेला,
टोपी गुडघ्यावर ठेवून बसतो.
"आजी सांगायची, होडीत आमचीच माणसं आहेत.
पलीकडचं गवत कापून घरी येताहेत.
तो बघ, किनाऱ्यावर दिवाही लागलाय."

होता खरा एक ठिपका. तांबूस.

मार्चमध्ये मी डाव्या शिखराला पोचले.
पिवळं गेलं तसा बर्फ निळा झाला.
मग धुकं निघालं, पाण्याला चिकटलेलं;
आमच्या दरीत असं धुकं फक्त पहाटे असतं,
गाईंच्या आधी उठणाऱ्या कुणालाही विचारा.
दिवा म्हणजे तड्यात अडकलेली धूळ.
कापसाबरोबर आला.

होडीत गवत नव्हतं.
दोरीनं बांधलेली पेटी होती,
उलटी घातलेली खुर्ची,
आणि किनाऱ्याकडे तोंड करून एक बाई.
दाण्याएवढी बाई. तिला चेहरा नाही.
एका फटकाऱ्यात तिची मान वळवलीय त्यानं,
आणि तीस वर्षांत मी
इतकी वळलेली मान पाहिलेली नाही.

कोण कुठे गेलं, इथे कुणी विचारत नाही.
बटाटे कुजले त्या सालांत
चर्चच्या वहीतली कितीतरी आडनावं
अर्ध्या पानावर थांबतात.

गुरुवारी बाल्त्सर आला. टोपी हातातच.
बराच वेळ उभा.
"म्हणजे सकाळ आहे तर."
मी म्हटलं, हो.
"आणि वारा?"

हे मी पाहिलं नव्हतं. पाहिलं.
पाण्यात डोंगर अख्खा उलटा उभा,
कुठे सुरकुती नाही,
फक्त वल्ह्यामागे दोन बारीक चिरा.

"बरं," तो म्हणाला, "वारा नव्हता."

पद्धत अशी, की एक तुकडा पुसायचा नाही;
आधी कसं होतं त्याची साक्ष म्हणून.
उजवीकडे, खाली, नखाएवढी
संध्याकाळ ठेवलीय मी.
तिथे काही विशेष नाही. थोडं गवत, एक दगड.
बाल्त्सर हल्ली खुर्ची तिकडे ओढून बसतो.

पट्टीवरचं नाव बदलायचं राहिलंय.